वडाळ्याचा किडवई रोड ज्यांच्या नावाने आहे ते रफी अहमद किडवई नक्की कोण होते?

फोंड्याची_सून

नमस्कार मंडळी. मी मूळची वडाळ्याची, लग्न होऊन फोंड्याला आले त्याला आता अठरा वर्षं झाली. मुलगा आठवीत आहे, इंग्लिश मीडियम पण मराठी विषय घेतलाय, आणि त्यांच्या मराठीच्या बाई दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा घेतात. यंदा विषय आहे स्वातंत्र्यानंतरचं पहिलं मंत्रिमंडळ. बाईंनी चिठ्ठ्या काढायला लावल्या आणि आमच्याला आले रफी अहमद किडवई. घरी येऊन दप्तर टाकायच्या आधी विचारतो, आई हा तुझ्या माहेरचाच रोड ना?

खरं सांगते, मला एकदम कसंतरीच झालं. तेवीस वर्षं मी फॉर्मवर, पाकिटावर, राखीच्या कुरियरवर "रफी अहमद किडवई मार्ग" लिहीत आले आणि हा माणूस कोण हे एकदाही कुणाला विचारलं नाही. बाबांना फोन केला तर ते म्हणाले अगं ते अन्नमंत्री, त्यांच्या वेळेला रेशनिंग उठलं. बाबा तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील, त्यांना एवढंच आठवतं की आजी दुकानातून पहिल्यांदा कार्ड न दाखवता तांदूळ घेऊन आली, सूप घेऊन खडे निवडायला बसली तर खडे फारसे निघेनात, म्हणून शेजारणीला बोलवून दाखवलं. हे मला इतकं आवडलं की भाषणाची सुरुवात यानेच करायची असं ठरलंय, पण पुढे काय?

अजून एक गोष्ट आहे. चिठ्ठीवर बाईंनी लिहिलं होतं "मुस्लिम नेते व मंत्री". मुलगा मला विचारतो, पटेलांच्या चिठ्ठीवर "हिंदू नेते" असं का नाही लिहिलेलं? बाई मनाने फार चांगल्या आहेत, त्यांनी काही वाईट हेतूने लिहिलं नसणार, पण मला त्याला उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी मदत करा प्लीज. पाच मिनिटांचं भाषण आहे.

---

जुना_सॉर्टर

ताई, तुम्ही अन्नमंत्री म्हणालात, ते नंतर. १९४७ ला नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात ते होते दळणवळण मंत्री, म्हणजे पोस्ट, तार, टेलिफोन आणि विमान वाहतूकसुद्धा. आम्हा टपालवाल्यांचे ते मंत्री म्हणून मी लगेच लिहायला बसलो.

३० जानेवारी १९४९, गांधीजींना जाऊन बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. त्याचा आराखडा मुलाला नीट समजावून सांगा, त्याला आवडेल. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री टपालाच्या थैल्या घेऊन चार डाकोटा विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळी नागपूरला उतरायची. तिथे आपापसात थैल्या बदलायच्या, दिल्लीवाल्याने मद्रासची थैली द्यायची आणि कलकत्त्याची घ्यायची असं, आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. आगगाडीने त्याला दीड-दोन दिवस सहज लागायचे. नागपूर का, तर नकाशा उघडा आणि चारही शहरांपासून बोट फिरवून बघा. आणि त्याच वर्षी एप्रिलपासून साध्या दराचं पत्रसुद्धा जादा पैसे न घेता विमानाने न्यायला सुरुवात झाली. त्याआधी विमानाने पत्र पाठवायचं तर जादा तिकीट चिकटवावं लागायचं, म्हणजे ती चैन व्यापाऱ्यांची. गिरणीतल्या माणसाचं गावाकडचं पत्रही त्याच विमानात बसलं पाहिजे असं या मंत्र्याला वाटलं याचं मला फार मोल वाटतं.

मी १९६९ मध्ये काही महिने नागपूरला होतो, तेव्हा सेवा चालू होती. सोनेगावच्या विमानतळावर थंडीत कुडकुडत उभं राहायचं, आधी आवाज यायचा, मग लांब दिवा दिसायचा. एक विमान उतरलं की दुसऱ्याची वाट. थैलीच्या तोंडाला सुतळी, तिच्यावर लाखेचं सील, आणि लेबल वाचायला हातात टॉर्च. मुंबईच्या ढिगात गोव्याची थैली दिसली की मी उगाच तिला हात लावून घ्यायचो. आमच्या आईचं पत्र त्यातच असेल असं वाटायचं, कधी कधी असायचंही. गोवा मुक्त होऊन तेव्हा सात-आठच वर्षं झाली होती, आमच्याकडे त्याआधी पोर्तुगीजांचं टपाल, मुंबईची पत्रं आगबोटीने पणजीला यायची. १९४९ ला ही सेवा सुरू झाली तेव्हा आपण त्या नकाशातच नव्हतो.

टेलिफोनची "ओन युवर टेलिफोन" स्कीमही त्यांचीच. गिऱ्हाइकाकडून एकरकमी पैसे आधी घ्यायचे, त्याला फोन लवकर द्यायचा आणि त्याच पैशांतून एक्स्चेंज वाढवायचं. आमच्या पिढीतले लोक ओवायटी म्हटलं की ओळखतील.

---

कुळागर_डिचोली

काका, नागपूरचं वाचून मजा आली. मी शेतकरी माणूस, मी त्यांच्याकडे दुसऱ्या बाजूने आलो. आमच्या घरात कूळ कायद्याची केस तीस वर्षं चालली त्यामुळे जमिनीचे कायदे हा आमच्या जेवणाच्या पानावरचा विषय, त्यात एकदा उत्तर प्रदेशचा कायदा वाचताना हे नाव आलं.

किडवईंचा जन्म १८ फेब्रुवारी १८९४, गाव मसौली, जिल्हा बाराबंकी. घराणं जमीनदारांचं, म्हणजे आपल्या भाषेत भाटकारांचं. अलीगढला शिकले, पुढे वकिलीचा अभ्यास चालू होता तो असहकार चळवळीत सोडून तुरुंगात गेले. सुटून आल्यावर मोतीलाल नेहरूंचे सेक्रेटरी झाले, स्वराज पक्षातर्फे १९२६ ला केंद्रीय कायदेमंडळात निवडून गेले आणि तिथे पक्षाचे प्रतोद होते. ते फार बोलणारे नव्हते, पण कोण कुठे मत देणार हे त्यांना आधी कळायचं असं म्हणतात.

आता मुद्द्याचं. १९३०-३१ ला रायबरेलीत शेतकऱ्यांनी खंड द्यायचा नाही अशी चळवळ झाली ती चालवण्यात हेच पुढे होते. भाटकाराच्या घरातला मुलगा कुळांना सांगतोय की खंड देऊ नका. डोळ्यासमोर आणा, आपल्याकडे मुक्तीपूर्वी असं कुणी केलं असतं तर घरात पाय ठेवू दिला असता का. मग १९३७ ला गोविंद वल्लभ पंतांच्या मंत्रिमंडळात ते महसूल मंत्री झाले, तुरुंग खातंही त्यांच्याकडेच, जे स्वतः तुरुंगात राहून आलेले. तिथे त्यांनी तो मोठा कूळ कायदा रेटला, १९३९ चा. त्याने लाखो कुळांना वारसा हक्क मिळाला, म्हणजे बाप मेला म्हणून मुलाला जमिनीवरून उठवता येणार नाही. आपल्याकडे हे यायला मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचा काळ उजाडावा लागला, १९६४ चा कायदा, आणि मालकी तर त्यांची मुलगी शशिकलाताई मुख्यमंत्री असताना १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने. माझा आजो त्या दुरुस्तीच्या दिवशी शेतात जाऊन मेरेवर, म्हणजे बांधावर, नुसता बसून राहिला होता, घरी जेवायलाही आला नाही, असं आई सांगते. तेव्हा मला १९३९ च्या त्या कायद्याचं वजन कळतं.

आणि अन्नमंत्री झाले १९५२ ला, अन्न आणि शेती दोन्ही. हाताखाली शेतीचं काम बघायला आपले विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख. त्या दोघांच्या काळात जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम देशभर निघाली, १९५३ ला. मिठाच्या पाण्यात बी टाकायचं, जे तरंगेल ते काढून टाकायचं, वाफ्यावर रोप करायचं, मग दोरी धरून ओळीत लावणी आणि ओळींमधून कोळपणी. आमच्या मोरडावर, म्हणजे उंचावरच्या शेतात, बाबा अजून दोरी धरूनच लावणी करतात आणि तिला जपानी लावणीच म्हणतात, गावात कुणालाच माहीत नाही हे नाव कुठून आलं.

रेशनिंगचं तुमच्या बाबांनी सांगितलं ते बरोबर. युद्धापासून धान्यावर कंट्रोल होता, एका भागातून दुसऱ्या भागात धान्य हलवायला परवाना, शेतकऱ्याकडून सक्तीची वसुली, शहरात कार्ड. किडवईंचं मत पडलं की टंचाई जेवढी सांगतात तेवढी शेतात नाहीये, भीतीपोटी लोक आणि व्यापारी दोघंही धान्य दाबून ठेवतायत. मद्रासला राजाजींनी १९५२ मध्ये कंट्रोल उठवला त्यांना यांनी दिल्लीतून पाठिंबा दिला, नंतर एकेक धान्य मोकळं करत १९५४ पर्यंत तांदूळही मोकळा केला. पाऊस चांगला झाला हे नशीब म्हणा, सरकारी कोठारात साठा होता हेही खरं, पण बाकी सगळे घाबरत असताना सही करायला छाती लागते.

---

वाळपईची

मी सहसा लिहीत नाही इथे, फक्त वाचते. पण फोंड्याच्या ताईंच्या मुलाचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आम्ही वाळपईचे मुसलमान. घरात दखनी आणि कोंकणी मिसळून बोलतो, शाळा मात्र माझी चौथीपर्यंत मराठीच, म्हणून लिहिते मराठीत. माझ्या अब्बांकडे जुन्या पेपरातलं एक कात्रण होतं किडवईसाहेबांचं, ट्रंकेत, निकाहनाम्याच्या खाली ठेवलेलं. का ठेवलं होतं ते मी मोठी झाल्यावर विचारलं तेव्हा त्यांनी किडवईसाहेबांच्या भावाची गोष्ट सांगितली.

किडवईसाहेबांचे धाकटे भाऊ शफी अहमद किडवई मसुरीला नगरपालिकेचा कारभार बघायचे. १९४७ च्या ऑक्टोबरात तिकडे दंगल पेटली, मुसलमान गाव सोडून जात होते, हे गेले नाहीत, आणि त्यांना मारून टाकलं. मोठा भाऊ त्या वेळी दिल्लीत केंद्रात मंत्री होता. विचार करा, देशाचं पोस्ट आणि तार ज्याच्या हातात त्याच्या घरी ही खबर आली. शफीसाहेबांच्या बेगम, अनीस किडवई, त्या गांधीजींकडे गेल्या आणि गांधीजींनी त्यांना दिल्लीतल्या निर्वासितांच्या छावण्यांत काम करायला सांगितलं. पुराना किल्ला, हुमायूनचा मकबरा, तिथे माणसं उघड्यावर पडली होती. नवऱ्याला जाऊन काही दिवस झालेत आणि ही बाई दुसऱ्यांच्या मुलांना शोधून देतेय, पळवलेल्या मुलींना घरी पोचवतेय. पुढे त्या राज्यसभेवरही गेल्या.

किडवईसाहेबांनी यानंतर काय केलं तर ते रोज ऑफिसला गेले. मघाशी काकांनी सांगितलं ते नागपूरचं विमान, ते या घटनेनंतर सव्वा वर्षाने सुरू झालं. ते कुठेही गेले नाहीत, कडवटही झाले नाहीत. अब्बा हे सांगताना नेहमी थांबायचे आणि मग म्हणायचे "और उन्होंने खत पहुँचाए, सबके."

आता चिठ्ठीवरच्या शब्दांबद्दल. बाईंवर मीही रागावणार नाही. पण मुलाला एवढं सांगा की त्यांनी बनवलेल्या कायद्याने ज्यांचा जमिनीवरचा हक्क पक्का झाला ती बहुतेक कुळं हिंदू होती, ताईंच्या आजीने जो तांदूळ आणला तो वडाळ्याच्या सगळ्यांनी आणला, आणि काकांच्या आईचं पत्र कुठल्या धर्माचं होतं ते लाखेच्या सीलवर लिहिलेलं नव्हतं. पटेलांच्या चिठ्ठीवर "गृहमंत्री" लिहितात ना, तसं यांच्या चिठ्ठीवर "दळणवळण मंत्री" लिहा. ते मुसलमान होते हे लपवायचंही काही कारण नाही, ते सच्चे मुसलमान होते आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे, फक्त ते पहिल्या ओळीत यायला नको एवढंच. १९३७ ला मुस्लिम मतदारसंघातून उभे राहिले तर आधी पडले होते, मग बहराइचच्या पोटनिवडणुकीतून आले. म्हणजे "मुस्लिम नेते" म्हणून मतं त्यांना सहज मिळाली असंही नाही.

---

मडगाव_१९७२

सगळ्यांनी छान लिहिलंय, पण आठवीतल्या मुलाला नुसती आरती करायला शिकवू नये म्हणून दुसरी बाजूही टाकतो, राग मानू नका.

एक, ते रात्रीचं टपाल. जेआरडी टाटांचा त्याला विरोध होता. रात्री विमान उतरवायला लागणारे दिवे, रेडिओ, यंत्रणा आपल्या विमानतळांवर तेव्हा पुरेशी नव्हती, वैमानिकांचा जीव धोक्यात घालू नका असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांना विमानातलं कळत होतं. मंत्र्यांनी ऐकलं नाही, दुसऱ्या कंपन्यांना काम देऊन सेवा सुरू केलीच. दोन, काश्मीर. ऑगस्ट १९५३ ला शेख अब्दुल्लांना पदावरून काढून अटक झाली त्यामागे दिल्लीतून ज्यांचा हात होता त्यात किडवईंचं नाव घेतलं जातं. तीन, पैसा. पक्षासाठी आणि माणसांसाठी ते उद्योगपतींकडून सढळ हाताने पैसे गोळा करायचे आणि सढळ हाताने वाटायचे. आज कुणी केलं तर आपण काय म्हणू? चार, १९५१ ला काँग्रेस सोडून कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षात गेले आणि पुरुषोत्तमदास टंडन काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून गेल्यावर परत आले. हे सगळं भाषणात असलं पाहिजे असं नाही पण माहीत असावं.

---

जुना_सॉर्टर

मडगावकर, राग कसला, बरोबर लिहिलंत. जेआरडींचं म्हणणं चूक नव्हतं हे मी सोनेगावला उभा राहिलेला माणूस म्हणून कबूल करतो. धुक्याच्या रात्री वर विमान घिरट्या घालतंय आणि खाली आम्ही सगळे गप्प, कुणी चहाचा कप उचलत नाही, अशा रात्री मी बघितल्यात, आणि तेव्हा तर यंत्रणा वीस वर्षांनी सुधारलेली होती. मंत्र्याने घाई केली असं मलाही वाटतं. पण याच मंत्र्याच्या खात्याने १९४८ ला जेआरडींचा परदेशी विमानसेवेचा प्रस्ताव उचलून धरला आणि त्याच वर्षी ८ जूनला मुंबईहून लंडनला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान गेलंसुद्धा. म्हणजे वैर असं काही नव्हतं.

पैशाचं म्हणाल तर एक बाजू तुम्ही सांगितलीत, दुसरी मी सांगतो. गेले तेव्हा मागे राहिलं ते गावातलं मोडकळीला आलेलं घर आणि डोक्यावर कर्ज. एकच मुलगा झाला होता, तो सात वर्षांचा असताना वारला, म्हणजे कुणासाठी साठवायचं असाही प्रश्न नव्हता. हातातून कितीतरी पैसा गेला असेल पण हाताला काही चिकटलं नाही. काश्मीरबद्दल मात्र मी काही बोलत नाही, ते दुखणं मोठं आहे आणि त्यात त्यांचं नाव येतं हे खरंच आहे.

---

कुळागर_डिचोली

पक्ष सोडण्याबद्दल थोडं. ते कुठल्या खुर्चीसाठी गेले नव्हते, उलट मंत्रिपद सोडून गेले. टंडन अध्यक्ष झाल्यावर पक्ष भलत्या दिशेला चाललाय असं त्यांना वाटत होतं, कृपलानी त्या निवडणुकीत टंडनांसमोर हरले होते. नेहरू स्वतः अध्यक्ष झाल्यावर हे परतले. गोव्यात आपण पक्ष बदलणारे इतके बघितलेत की हा शब्द ऐकला की एकच चित्र येतं डोळ्यासमोर, म्हणून लिहिलं.

आणि ताई, शेवट कसा झाला तेही घाला. २४ ऑक्टोबर १९५४, दिल्लीत सभेत भाषण करताना दम्याचा झटका आला आणि हृदय बंद पडलं. साठ वर्षांचे होते. तांदूळ मोकळा करून काही महिनेच झाले होते. शेती संशोधनाचा जो देशातला मोठा पुरस्कार होता, आयसीएआरचा (भारतीय कृषी संशोधन परिषदेचा), तो १९५६ पासून अनेक वर्षं त्यांच्याच नावाने देत.

---

फोंड्याची_सून

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काल रात्री मुलाला बाजूला बसवून एकेक उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं, सासूबाई पण येऊन बसल्या. वाळपईच्या ताई, तुमच्या अब्बांचं वाक्य वाचताना मला पुढे जाता येईना, मग ते त्यानेच वाचलं. दिवंगत असतील तर माझा नमस्कार, आणि हयात असतील तर प्लीज त्यांना सांगा की फोंड्यातला एक मुलगा त्यांचं वाक्य पाठ करतोय.

भाषण असं ठरलंय. सुरुवात त्याच्या पणजीने, म्हणजे माझ्या आजीने, आणलेल्या तांदळाने, मग कूळ कायदा, मग मसुरी, मग लगेच नागपूर. मडगावकर, जेआरडींचा विरोध त्याने स्वतःहून घातला, म्हणाला ते नाही सांगितलं तर बाई विचारतील. काश्मीर पाच मिनिटांत बसत नाही असं त्याचं मत, मी म्हटलं ठीक आहे, मोठा झाल्यावर वाच. त्याने वहीत भारताचा नकाशा काढून चार शहरांतून नागपूरला रेघा ओढल्यात आणि गोव्याला पेन्सिलीने वेगळा ठिपका दिलाय, त्याला रेघ नाही. ते बघून सासूबाई म्हणाल्या तेव्हा आम्ही पोर्तुगालात होतो रे बाबा.

चिठ्ठीचं बाईंशी बोलले. त्या दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की माझ्या लक्षातच आलं नाही हो. मौलाना आझादांच्या चिठ्ठीवरही तेच लिहिलं होतं म्हणे, ती दुसऱ्या वर्गातल्या मुलीला आली आहे, तिलाही बोलावून "शिक्षणमंत्री" असं करून दिलं.

बाबांना आज फोन करून सांगितलं की तुमच्या रोडवर आता माझा मुलगा बोलणार. ते म्हणाले मी उद्या सकाळी फिरायला जाईन तेव्हा पाटीचा फोटो काढून पाठवतो, त्याला भाषणात दाखवायला होईल. काका, तुमचा सोनेगावचा टॉर्च आणि सीलचा भाग तुमची परवानगी असेल तर त्याला जसाच्या तसा सांगायचा आहे. चालेल ना?

---

जुना_सॉर्टर

चालेल बाळा, बिनधास्त सांग. फक्त एक, टॉर्च डाव्या हातात धरायचा. उजवा हात थैलीला लागतो.